ज्ञानू खटपट्या

दवाखान्यालाही शेतासारखे हंगाम असतात. उन्हाळ्यात हगवण-ओकारी, पावसाळ्यात साप आणि हिवताप, आणि दिवाळी सरून गुऱ्हाळं पेटली की हात. मी सांगलीला एका दवाखान्यात नर्सिंग शिकायला लागले त्या पहिल्याच वर्षी आमच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पट्ट्या जास्तीच्या गुंडाळून ठेव गं. आता हात यायला लागतील." मला वाटलं, मदतीला आणखी माणसं येणार आहेत. मी खूश झाले.

आठवड्याभरात मला कळलं कसले हात ते.

ज्यांनी बैलावरचा चरक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तीन लोखंडी रूळ एकमेकांना खेटून उभे असतात. आमच्याकडं त्यांना लाटा म्हणतात. वर एक लांब आडवं लाकूड, त्याला बैल जुंपलेले. बैल गोल फिरतात, लाटा फिरतात, आणि खाली बसलेलं माणूस त्यांच्यात ऊस सारत राहतं. पलीकडं चिपाड पडतं, खाली रस गळतो. बसून करायचं काम म्हणून ते बहुतेक बायकांकडं असे. काकण अडकलं, पदराचं टोक गेलं, पहाटेपासून बसून डुलकी लागली, एवढं पुरे होई. लाटेनं बोट धरलं की मागून मनगट, मनगटामागून कोपर. बैल हाकणारा ओरडतो, पण बैल काही दिवा नव्हे, फुंकला की विझायला. तो थांबेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. आणि थांबला तरी लाटा उलट्या फिरवायच्या तर आधी जू सोडावं लागतं.

त्या दिवसांत पेनिसिलीन आमच्यापर्यंत आलेलं नव्हतं. लढाईमुळं कापूस-जाळीचा दुष्काळ. वापरलेल्या पट्ट्या सोड्यात उकळायच्या, वाळवायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. जखम चिडली, काळी पडायला लागली, की वरून हात काढण्याशिवाय इलाज नसे. मी जैन शेतकऱ्याच्या घरची, लहानपणी विधवा झालेली. रक्तामांसाच्या कामाला मुलगी लावली म्हणून आमच्या समाजात वडिलांना पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. माझा सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम मात्र मी सोडला नाही. संध्याकाळच्या पाळीला मी दिवस मावळायच्या आत औषधांच्या खोलीत उभ्याउभ्या डबा संपवी. सगळा वॉर्ड त्यावर घड्याळ लावायचा.

असल्या कामात विनोद कुठला असणार, असं वाटेल. पण असतो. एक म्हातारे होते, त्यांचा हात मनगटापासून काढला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर, "हात कुठं ठेवलासा?" त्यांना तो गावी नेऊन पुरायचा होता. "मेल्यावर वर अर्धामुर्धा गेलो तर काय सांगू? उरल्याला कुठं हाय म्हनून इचारलं तर पत्ता तरी पायजे का नगं?" डॉक्टरांनी कापडात गुंडाळून तो त्यांच्या मुलाच्या ताब्यात दिला. वर्षानं म्हातारबुवा गुळाची ढेप घेऊन आले. म्हणाले, "बांधावर आंब्याखाली पुरलाय. जाता-येता रामराम करतो त्येला." आणि उरलेल्या हातानं तो रामराम कसा करतात ते करूनही दाखवलं.

तानूला आणली ती मात्र दुपार मला विनोदाशिवायच आठवते.

कडेगावच्या बाजूच्या एका खेड्यातली ही सुताराची बायको. नवरा ज्ञानू. बैलगाडीनं स्टेशनावर आणि तिथून रेल्वेनं त्यानं तिला सांगलीला आणलं होतं. एवढ्या वाटेत माणूस रक्त जाऊनच मरायचं. पण ह्यानं आपलं धोतर फाडून दंडाला आवळलं होतं, त्यात पटाशीची मूठ घालून पीळ दिला होता, आणि पीळ उलगडू नये म्हणून मुठीला एक खुंटी अडकवली होती. मधे मधे तो पीळ सैल करून पुन्हा भरत होता. डॉक्टरांनी ते बघितलं आणि विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुनी न्हाई. रगत थांबंना, मग गाडीतच केलं," तो म्हणाला. "डाक्टर, हात ऱ्हाईल का?"

हात राहिला नाही. कोपराच्या वरून काढावा लागला. उजवा.

तानू जवळजवळ सगळा हंगाम आमच्या वॉर्डात होती. पंचविशीची, शेलाटी, बोलायला फटकळ. पण स्वतःच्या हाताबद्दल ती चकार शब्द काढत नसे. रडतही नसे. ज्ञानू आवारात लिंबाखाली मुक्काम करून राहिला. मालकानं, म्हणजे ज्याच्या गुऱ्हाळावर हे झालं त्यानं, औषधपाण्याचं बघितलं होतं. माणूस वाईट नव्हता. ज्ञानूला दिवसभर काम नाही, आणि रिकामं बसायची त्याला सवय नव्हती. दवाखान्यातलं डुगडुगणारं प्रत्येक स्टूल त्यानं सरळ केलं. खाटेवरच्या माणसाला उठून बसता यावं म्हणून छताच्या आढ्याला दोरी बांधून तिला लाकडी मूठ लावली. ती इतकी सोयीची निघाली की आम्ही आणखी करून मागितल्या.

एके दिवशी तो दारात येऊन सुतळी दाखवत म्हणाला, "आक्का, येक काम हाय. बायांचं हात मोजायचं हाईत. म्या कसा मोजू? तुमी मोजा."

"कशाला रे?"

"चरकाला लाकडी नरसाळं बसीवतो. आडवं, लांब. ऊस त्यातनं जायाचा. पर बाईचा हात पार खांद्यापतोर आत घातला तरी लाटंला टेकता कामा न्हाई. म्हनून सगळ्यांत लांब हात किती, त्ये बगायचं."

मी खाटाखाटांवर फिरून खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत बायकांचे हात मोजले, आणि दरवेळी सुतळीला गाठ मारली. बायका खदखदा हसत होत्या. मोठ्या सिस्टर रागावल्या, आणि मग त्यांनीही आपला हात पुढं केला.

डॉक्टरांना त्याचं फार कौतुक. वॉर्डाच्या ओसरीवर पाय मोडलेले एक शाळामास्तर पडून असत. डॉक्टर त्यांना म्हणाले, "मास्तर, हा पक्का इन्व्हेंटर आहे बघा. मराठीत काय म्हणाल?"

मास्तरांना असले प्रश्न आवडत. "कल्पक म्हणता येईल. पण कल्पक माणूस नुसता कल्पना करूनही थांबतो. संशोधक म्हणावं तर तो पोथ्या चाळणारा. शोधक म्हणा. शोध लावतो तो शोधक."

ज्ञानू खांबाला टेकून ऐकत होता. त्यानं विचारलं, "शोधक म्हंजी? हरवल्यालं हुडकतो त्यो?"

"तसाही अर्थ आहे," मास्तर म्हणाले.

आत दाराजवळच्या खाटेवर तानू होती. ती तिथूनच म्हणाली, "मग हुडका की माजा हात."

थट्टेनंच म्हणाली. ओसरीवरचे सगळे हसलेसुद्धा. पण ते शब्द तोंडातून गेले आणि तिचा बांध फुटला. दवाखान्यात आल्यापासून ती पहिल्यांदा रडली, आणि मग तिला आवरेना. ज्ञानू आत येऊन खाटेच्या पायथ्याशी बसला. मास्तरांनी भिंतीकडं तोंड केलं.

नंतर मी ज्ञानूला विचारलं, "तुझ्या गावात तुला काय म्हणतात?"

"खटपट्या," तो म्हणाला. "ज्ञानू खटपट्या. माजी आय पयल्यांदा म्हनली, म्या तिचं जातं खोलून ठिवलं तवा. मग समदं गावच म्हनाय लागलं."

ह्या शब्दाविषयी मला पुढं फार विचार करावा लागला, म्हणून इथंच सांगून ठेवते. आई म्हणते तेव्हा खटपट्या म्हणजे ज्याचे हात स्वस्थ राहत नाहीत तो गुणी पोर. सांगलीच्या पेठेत हळदीचा अडत्या म्हणतो तेव्हा चार ठिकाणी हिंडून काम जमवून आणणारा. जावाजावांच्या भांडणात तोच शब्द कान भरणाऱ्यासाठी. आणि संस्थानाच्या कचेरीत कुणी "तो खटपटी माणूस आहे" असं हळूच म्हणालं, तर त्याचा अर्थ तो वरिष्ठांविरुद्ध कट करतो. शब्द एकच. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावर माणसाचं बरंवाईट ठरतं.

घरी जायच्या आधी त्यानं तानूसाठी लाकडी हात केला. बोटांची पेरंसुद्धा कोरली होती. तिनं तो बघितला आणि बाजूला सारला. "ह्यो मेल्याला हात मला नगं. मला भाकरी थापायची सोय करा." भाकरी एका हातानं थापतात, पण दुसऱ्या हातानं तिला फिरवावी लागते. ज्ञानूनं बाभळीचा एक पाट केला, खाली खुंटी, कुंभाराच्या चाकासारखा फिरणारा. तानू डाव्या हातानं थापी, पायाच्या अंगठ्यानं पाट फिरवी. आमच्या स्वयंपाकघरात तिनं पहिली भाकरी थापली ती वाकडी झाली, कडेला फाटली. ती आम्ही सगळ्यांनी तुकडा तुकडा वाटून खाल्ली.

पुढच्या हंगामात ज्ञानू मुद्दाम मला सांगायला आला. मालकानं नरसाळं लावायला परवानगी दिली होती. सुरवातीला कटकट फार झाली. वाकडा ऊस आत अडकायचा, लाकडाला लागलेला रस आंबायचा. गुळव्या, म्हणजे काहिलीवर गूळ शिजवणारा माणूस, रस हळू येतो म्हणून शिव्या घालायचा. मग ज्ञानूनं तोंड रुंद केलं, आतून पत्रा मारला. "आता वरडत न्हाईत," तो म्हणाला. "आजून येक डोस्क्यात हाय. चरकावर बसल्यालीनं पायानं येक कळ दाबली की वरचं लाकूड सुटायचं. बैल फिरू द्या किती बी, लाटा जागच्या जागी. लोखंडाचा आकडा पायजे, आन् येक स्प्रिंग."

मी म्हटलं, "लढाईत लोखंड कुठं मिळणार?"

"हुडकतो की," तो म्हणाला, आणि मास्तरांची आठवण होऊन आम्ही दोघंही हसलो. त्याला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

मग माझी बदली म्हणा, बढती म्हणा, साताऱ्याला नव्या नोकरीवर गेले. आणि बेचाळीस साल उजाडलं. त्या सालाबद्दल मोठ्या माणसांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी वॉर्डातून दिसलं तेवढंच सांगते. तारा तुटत होत्या, रूळ उखडले जात होते, भूमिगत लोकांना गावं जेवण पोचवत होती, आणि पोलीस त्यांच्या मागावर खेडी पालथी घालत होते. आमच्याकडं लाठीनं फुटलेली डोकी येत. आम्ही विचारत नसू आणि ती माणसं सांगत नसत. "गाडीवरनं पडलो," म्हणत. एवढ्या गाड्या साताऱ्यात नव्हत्या.

त्यातच एका सकाळी दोन बंदूकवाल्या शिपायांनी एक कैदी आणला. दाढी वाढलेली, दोन्ही हात फडक्यात. मी फडकं सोडायला लागले आणि तो हळूच म्हणाला, "आक्का, तुमी हितं?"

आवाजावरून मी त्याला ओळखलं. हातांवरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. बोटं मोडली होती. एकेक.

जे घडलं ते त्यानं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, शिपाई बिडी ओढायला ओसरीवर जात तेव्हा. त्याच्या गावापासून जवळ कुठंतरी रेल्वेचे रूळ सोडवले गेले. दुसऱ्या दिवशी फौजदार गावात आला. चावडीसमोर माणसं उन्हात बसवली आणि विचारायला लागला, इथं लोखंडी अवजारं कोण करतं? कुणी बोलेना. छडी फिरली. मग कुणीतरी घाबरून म्हणालं, "ज्ञानू खटपट्या करतोय, सायेब."

"खटपट्या?" फौजदार म्हणाला. "कसली खटपट करतो?"

तो मूळचा आमच्या भागातला नव्हता. कचेऱ्यांत वाढलेला माणूस. त्याच्या कानाला त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता. आणि त्यानंतर जे जे झालं ते त्या अर्थाच्या मागोमाग गेलं. ज्ञानूच्या घरात लोखंडी आकडा सापडला. स्प्रिंग सापडली.

"हे काय आहे?"

"ह्ये दाबलं की सुटतंय, सायेब."

"काय सुटतं?"

"चरक."

"चरक का रूळ?"

ज्ञानू मला म्हणाला, "आक्का, म्या सारकं खरंच सांगत हुतो. जेवडं खरं सांगावं तेवडं त्यास्नी जास्त खोटं वाटाय लागलं. शेवटी म्हनलं, बायकूला बलवा, तिचा हात बगा. तर म्हनाले, हात बगायचाय व्हय? थांब, दावतो."

एवढ्यात शिपाई बिड्या विझवून आत आले.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी बोटं जमतील तशी सरळ करून फळ्या बांधल्या. पण उशीर झाला होता, काही हाडं वाकडीच धरली होती. रोज पट्टी बदलताना मी मनात म्हणे, हा आता काहीतरी बोलेल. ही फळी अशी नको तशी बांधा, म्हणेल. सांगलीला तो वॉर्डात आला की त्याचे डोळे आधी वस्तूंकडं जायचे, मग माणसांकडं. इथं तो छताकडं बघून पडून राही. त्याच्या उशाजवळच्या खिडकीची कडी बसत नव्हती, वाऱ्यानं झडप आपटायची. मी मुद्दामच म्हटलं, "ज्ञानू, ह्या कडीला काय करावं रे? तू सांग, मी माणूस बोलावून करून घेते."

त्यानं तिकडं नुसतं बघितलं.

"ऱ्हाऊ द्या आक्का," तो म्हणाला. "वाजती तर वाजू द्या."

इतकी वर्षं मी ह्या धंद्यात काढली. माणूस मरताना हाताखाली पुष्कळ वेळा बघितला. पण कुणाच्या आत काहीतरी विझलं आहे आणि बाकी माणूस जिवंत आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

काही दिवसांनी एक वरचे पोलीस अधिकारी जबाब घ्यायला वॉर्डात आले. बरोबर लिहून घेणारा कारकून. मी औषधाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. अधिकाऱ्यांनी नाव-गाव विचारलं, मग म्हणाले, "गावात तुला काय म्हणतात?"

"खटपट्या, सायेब."

कारकून लिहायला लागला. माझ्यानं राहवलं नाही. "साहेब, खटपट्या म्हणजे तसा नव्हे. हा वस्तू करतो. सांगलीच्या दवाखान्यात ह्यानं..."

"बाई, तुम्हाला विचारलेलं नाही," ते म्हणाले. रागानं नाही, थकल्यासारखं म्हणाले. मी गप्प बसले. नोकरी होती.

तेवढ्यात दाराशी गलका झाला. तानू आली होती. गावापासून कुठं चालत, कुठं गाडीच्या मागं बसत ती साताऱ्याला पोचली होती. शिपाई तिला आत सोडेना. तिनं त्याच्या काखेखालून वाट काढली आणि सरळ अधिकाऱ्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिनं पदर बाजूला केला आणि खांद्यापासून लोंबणारा तो अर्धा हात त्यांच्या समोर धरला.

"सायेब, तुमास्नी खटपट कसली ती बगायची हाय न्हवं? ही बगा. माजा हात चरकानं खाल्ला. दुसरीचा खाऊ नगं म्हनून ह्यो मानूस दोन वर्सं झोपला न्हाई. ही त्येची खटपट. ह्येच्यापायी तुमी त्येचं हात मोडलं. आता आमच्या घरात तीन हात गेलं आनि येक ऱ्हायला. त्यो बी मोडायचा आसंल तर मोडा."

अधिकाऱ्यांनी एकदा तिच्या हाताकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. कारकुनाला म्हणाले, "चला." बाहेर ओसरीवर ते बराच वेळ उभे होते. मला वाटतं ते मनानं वाईट नव्हते. पण त्यांनी माफीचा शब्द काढला नाही, आणि तो काढता येईल अशी त्यांची जागाही मला वाटली नाही.

ज्ञानूला सोडलं. आकडा आणि स्प्रिंग परत मिळाली नाहीत.

मधली चार-पाच वर्षं मला त्यांची खबर येणाऱ्या-जाणाऱ्या रोग्यांकडून मिळे. ज्ञानूला लाकूड तासायचा वाकस धरता येत नाही. सुतारकी भावाकडं गेली. तानू शेळ्या राखते. गुऱ्हाळाच्या मालकानं नरसाळं काढून टाकलं. "चांगलं हुतं, न्हाई म्हनत न्हाई," तो म्हणाला म्हणे, "पर पोलिसांच्या डोळ्यावर आल्याली वस्तू माज्या रानात नगं." ते लाकूड काहिलीखालच्या चुलवाणात जाळलं. पोरांनी काही उघडून बघितलं, की आया आता म्हणत, "नसती खटपट करू नगंस. ज्ञानूचं काय झालं बगितलंस न्हवं?"

स्वातंत्र्य मिळालं त्या हिवाळ्यात तानूचा निरोप आला: गावात मोठी सभा आहे, ह्यांचा सत्कार आहे, आक्का तुमी याच. मी रजा काढून गेले.

सभेच्या आदल्या दिवशी पोचले, तर तानूनं दिवस मावळायच्या आत मला जेवायला वाढलं. तिच्या ते लक्षात होतं. भाकरी आता गोल आणि पातळ होती, कडा एकसारख्या. अंधार पडता पडता ज्ञानू बाहेरून आला आणि भिंतीला टेकून बसला. केस पांढरे झाले होते. मी त्याचे हात हातात घेऊन बघितले, धंद्याची सवय. बोटं मिटत नव्हती.

"दुखतात का?"

"थंडीत."

"कशाचा सत्कार आहे रे?"

"त्येच कळंना झालंय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सभेत कळलं. मांडवात तिरंगा लावला होता, बाहेरगावाहून पुढारी आले होते. चावडीसमोर ज्या माणसांना उन्हात बसवलं होतं तीच माणसं आता फेटे बांधून पुढच्या रांगेत होती. एका तरुणानं आवेशानं भाषण केलं. रेल्वेचे रूळ सोडवणारं यंत्र ज्यानं बनवलं, बोटं मोडली तरी ज्यानं एका साथीदाराचं नाव सांगितलं नाही, असा आपल्या गावचा क्रांतिवीर, ज्ञानदेव! टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्ञानूच्या गळ्यात हार पडला.

तो उभा राहिला. मी पहिल्यांदाच त्याला इतक्या माणसांपुढं बोलताना पाहिलं.

"म्या त्यात न्हवतो," तो म्हणाला. "ज्ये हुतं, त्यास्नी हार घाला. त्ये यंत्र चरकाचं हुतं. बायांच्या हातासाटी."

मग पुढारी हसून म्हणाले, "बघा, केवढा हा विनय!" आणि पहिल्यापेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या.

ज्ञानू खाली बसला नाही. मांडवाच्या कडेनं बाहेर निघाला. मी आणि तानू त्याच्या मागं गेलो. मला वाटलं, घरी जाईल. पण तो ओढा ओलांडून गुऱ्हाळाकडं वळला. दिवस अजून बराच वर होता. उकळत्या रसाचा वास लांबूनच येत होता. चरक चालू होता, बैल फिरत होते, आणि लाटांपुढं सोळा-सतरा वर्षांची एक नवी लग्न झालेली पोर बसली होती. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा.

ज्ञानूनं हार काढून चिपाडाच्या ढिगावर ठेवला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला. गुऱ्हाळावरच्या कुणालाही त्याचं नवल वाटलं नाही. बैल हाकणाऱ्यानं त्याला पाण्याचा तांब्या दिला, पोरीनं थोडं सरकून जागा केली.

"हंगामभर हितंच आसत्यात," तानू मला म्हणाली. "सकाळी यायाचं, दिवस मावळंपतोर बसायचं. पयलं लोक हसायचं. आता न्हाई हसत. ह्ये बसाय लागल्यापास्नं ह्या गुऱ्हाळावर कुनाचा हात गेला न्हाई."

"मालक काही देतो का?"

"कशाचं द्यावं त्येनं? ह्ये काय काम हाय व्हय?"

पोरीनं एक ऊस उचलला, लाटांना लावला. चुड्याचा हात उसाबरोबर पुढं सरकत गेला. ज्ञानूची नजर तिच्या बोटांवर होती, बाकी जगात त्याच्यासाठी काही नव्हतं.

"हात," तो म्हणाला.

तिनं हात मागं घेतला. दुसरा ऊस उचलला.

"हात."

"व्हय वो मामा, घेतला की," ती जराशी वैतागून म्हणाली, आणि तिसरा ऊस लावला.